अनामिकेचे पंचवीस आठवडे

सोमवारी दोन नवे वकील आले.
मेरिट हाउगन, बुटांना अजून दुकानाचा वास,
आणि थीडा मो, जी पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिली
आठ वाजेपर्यंत, मग आत आली.
मी दोघांना किल्ल्या दिल्या, कॉफीचं मशीन दाखवलं,
अडकलं की कुठे ठोकायचं तेही.

वॉटर्लूत बर्फ वितळला की मीठ उरतं,
रस्त्यावरचं, पांढरं, आमच्या पायपुसण्यावर.
त्या मिठातल्या ठशांवरून मला कळतं
कोण सरळ आलं, कोण एक पाय ओढत.

लोवेल साहेबांची जुनी सवय:
नव्या माणसाला कायद्याचं पुस्तक देत नाहीत,
कोरा कागद देतात. म्हणतात, हात ठेव.
मग स्वतः पेन्सिलीने पंजा गिरवतात,
बालवाडीत गिरवतात तसा,
आणि बोटाबोटावर आकडे लिहायला लावतात.
अंगठा, साठ आठवड्यांचा पगार, तोही पुरता नाही.
तर्जनी पस्तीस.
मधलं तीस, अनामिका पंचवीस,
करंगळी वीस.
पाची बोटं सारखी नसतात, असं लोक नुसतं म्हणतात;
आयोवाने कायद्यात लिहून ठेवलंय.

"आणि दुखणं?" मेरिटने विचारलं.
"त्याला रकाना नाही,"
साहेब म्हणाले, आणि पेन्सिलीला टोक काढत राहिले.

थीडाने काहीच विचारलं नाही.
तिने हात उचलला तेव्हा
कागदावर घामाचा एक ओला पंजा होता,
पेन्सिलीच्या रेघेच्या आत, जरासा लहान.

दुपारी काबाम्बा आला, डुकरांच्या कारखान्यातला,
रात्रपाळीचा, सुरीवरचा.
डाव्या हाताला तीन आठवड्यांचं बँडेज.
कंपनीने आधी फुलं पाठवली होती,
मग पत्र: मोजा त्याने स्वतःच काढला होता.
म्हणजे अंगठाच दाखवला.
दुभाषी फोनवर, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातून,
आवाज मधेच तुटायचा, तेव्हा आम्ही चौघं
टेबलावरच्या त्या हाताकडे बघत बसायचो.

"कुठलं बोट?" मेरिटने फॉर्ममधून विचारलं.
काबाम्बाने खिशातून अंगठी काढली.
कामावर अंगठी चालत नाही, नियमच आहे,
म्हणून ती लॉकरमध्ये होती,
म्हणून ती वाचली.
ती त्याने फॉर्मवर ठेवली, बरोबर त्या रकान्यावर.
मेरिटला ती उचलावी की नाही कळेना,
तो तिच्याभोवतीनेच लिहीत गेला.

तेव्हा थीडा बोलली, पहिल्यांदाच, दिवसभरात:
"त्या रात्री पट्टा किती जोरात चालवला होता?"
दुभाष्याने सांगायच्या आधीच
काबाम्बाने मान वर केली.
मग तो बोलायला लागला, आणि दुभाषी
मागून धावत राहिला, हळू, जरा हळू, साहेब.
(तिची आई चौदा वर्षं त्याच पट्ट्यावर होती.
हे मला मंगळवारी कळलं.)

माझाही एक पंजा आहे त्या खालच्या ड्रॉवरमध्ये.
सतरा वर्षांपूर्वी या खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला
मी बसले होते, उजव्या तर्जनीशिवाय,
इंग्रजीचे चाळीस शब्द घेऊन.
पस्तीस आठवडे मिळाले. हातावर पोट असलेल्या बाईला
तेवढ्यात काय काय शिकता येतं!
मी टायपिंग शिकले, नऊ बोटांचं.
पत्राचा मुद्दा सांगताना साहेब अजून म्हणतात,
"सेनादा, यावर बोट ठेव,"
आणि मग खोकतात.

संध्याकाळी मी कागद गोळा केले.
या पंजांना फाइल नंबर नसतो.
ड्रॉवरमध्ये एकोणीस आहेत: तिघं विमा कंपनीकडे गेले,
एक न्यायाधीश झाली, एकाचं नुसतं नाव उरलंय.
थीडाचा कागद टेबलावर नव्हता.
नेला असेल. मी विचारलं नाही.

जाता जाता मेरिट दारात थांबला.
मशीन परत अडकलंय, म्हणाला.
"उजव्या अंगाला ठोका," मी सांगितलं,
"मुठीने नाही. तळहाताने."